धातूत हायड्रोजन शिरला की रिकाम्या जागांचं काय होतं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. लोखंडाच्या पट्ट्यांमध्ये तुम्ही विद्युत-रासायनिक पद्धतीने हायड्रोजन भरला. त्या भरलेल्या अवस्थेतच थोड्या ताणल्या आणि भार काढला. मग सगळा हायड्रोजन निघून जाईल इतका वेळ त्या नुसत्या ठेवून दिल्या आणि शेवटी तुटेपर्यंत ओढल्या. तरीही हायड्रोजन न भरता तशाच ताणलेल्या पट्ट्यांपेक्षा त्या लवकर तुटल्या. हायड्रोजन उरलाच नाही, तर नुकसान कोणी केलं? हायड्रोजन धातूत व्हेकन्सी, म्हणजे अणूंच्या रिकाम्या जागा, तयार करतो असं तुम्ही वाचलंय, ते कितपत खरं? आणि कार्बन-नायट्रोजनसारखे इतर लहान अणूही तसंच करतात का?

प्रश्न फार चांगला आहे, कारण तुमच्या प्रयोगातच त्याचं निम्मं उत्तर आहे. मी गेली २५-एक वर्षं तुटलेले बोल्ट, स्प्रिंगा आणि शाफ्ट तपासतोय, आणि माझं मत आधीच सांगून टाकतो. कारखान्यातल्या परिस्थितीत हायड्रोजन रिकाम्या जागा फारशा घडवत नाही. वाकवताना, ताणताना, प्लेटिंग करताना ज्या रिकाम्या जागा इतर कारणांनी तयार होतात, त्यांना तो मिटू देत नाही. प्रचंड दाबाखाली मात्र तो त्या खरोखर घडवतो, आणि तेही अविश्वसनीय संख्येने. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की वाचणारा गोंधळतो.

आधी रिकामी जागा म्हणजे काय ते पाहू. स्फटिकाच्या जाळीत जिथे धातूचा अणू असायला हवा तिथे तो नसणं, ही व्हेकन्सी. ती निर्माण करायला ऊर्जा लागते, पण थोड्या व्हेकन्सी असल्याने एंट्रॉपी, म्हणजे मांडणीतली अव्यवस्था, वाढते, आणि निसर्गाला ती हवी असते. म्हणून प्रत्येक तापमानाला त्यांची एक समतोल संख्या ठरलेली असते. ही संख्या अगदी थेट मोजून दाखवली ती सिमन्स आणि बॅलुफी यांनी, १९६० साली, ॲल्युमिनियममध्ये. त्यांची युक्ती मला अजूनही मोहवते. दांडा तापवला की तो लांबतो, आणि क्ष-किरणांनी पाहिलं तर जाळीतलं अंतरही वाढतं. पण दांड्याची लांबी जाळीपेक्षा किंचित जास्त वाढते. का? आतून निघालेला अणू पृष्ठभागावर जाऊन बसतो, म्हणजे वस्तू मोठी होते, पण जाळीच्या चौकटी तेवढ्या रुंदावत नाहीत. या दोन मोजमापांतला फरक म्हणजे रिकाम्या जागांचा हिशेब. वितळायच्या उंबरठ्यावरच्या ॲल्युमिनियममध्ये तो निघाला दर १०,००० अणूंमागे सुमारे ९. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे याच युक्तीची उलटी बाजू येणार आहे.

आता लोखंड. त्यात एक व्हेकन्सी घडवायला साधारण २.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट (एकेका अणूची ऊर्जा मोजायचं एकक) लागतात. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा फक्त ०.०२६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. घातांकी गणित केलं की समतोलातली संख्या येते एकावर ३५ शून्यं इतक्या अणूंमागे एक. एक टन लोखंडात अणू असतात एकावर २८ शून्यं. म्हणजे कोटी-दोन कोटी टन लोखंड एकत्र केलं, तर त्यात एक व्हेकन्सी. पुस्तकी समतोलाच्या दृष्टीने तुमच्या पट्टीत एकही नसायला हवी.

यात हायड्रोजन आला की काय होतं? हायड्रोजनचा अणू इतका लहान की तो धातूच्या अणूंच्या मधल्या फटींत मावतो. लोखंडात तो चार अणूंनी घेरलेल्या फटीत बसतो, निकेल आणि पॅलेडियममध्ये सहा अणूंनी घेरलेल्या. लोखंडाला तो मुळात नकोसाच असतो, विरघळायला ऊर्जा लागते, म्हणून त्याची विद्राव्यता अगदी क्षुल्लक. पण एकदा आत शिरला की पळतो मात्र विलक्षण वेगाने. शुद्ध लोखंडाच्या पाच मिलिमीटर जाड पट्टीतून तो खोलीच्या तापमानाला दहा-पंधरा मिनिटांत बाहेर पडायला हवा. प्रत्यक्ष स्टीलमध्ये त्यालाच कित्येक तास, कधी कित्येक दिवस लागतात. हा फरक कशाचा? वाटेत त्याला थांबवणाऱ्या जागांचा, ज्यांना आम्ही ट्रॅप म्हणतो: डिसलोकेशन (जाळीच्या मांडणीतल्या रेषेसारख्या चुका, ज्या सरकल्या की धातू वाकतो), कणसीमा (स्फटिकाच्या दोन कणांमधली सीमा), कार्बाइडचे काठ, आणि व्हेकन्सी.

रिकाम्या जागेत गेलेला हायड्रोजन बरोबर मधोमध बसत असेल असंच कुणालाही वाटेल. मलाही विद्यार्थिदशेत वाटायचं. तसं होत नाही. हायड्रोजनला आपल्याभोवती इलेक्ट्रॉनांची एक ठरावीक दाटी हवी असते. जाळीच्या फटीत ती जरा जास्तच होते, पोकळीच्या मध्यभागी फार विरळ. शेकोटीपासून आपण जसे न भाजणाऱ्या आणि न गारठणाऱ्या अंतरावर बसतो, तसा तो पोकळीच्या कडेला, भिंतीला लागून बसतो. घनाकृती पोकळीला सहा बाजू, म्हणून एकाच रिकाम्या जागेत सहा हायड्रोजन राहू शकतात. लोखंडात पहिल्या दोघांची बंधनऊर्जा सुमारे ०.६३ इलेक्ट्रॉन व्होल्ट मोजली गेली आहे, पुढच्या चौघांची सुमारे ०.४३.

इथे भाषेची एक अडचण येते. हायड्रोजन रिकाम्या जागेत बसला म्हणजे ती जागा भरली, असं म्हणू नका. ती जागा लोखंडाच्या अणूची आहे आणि लोखंडाचा अणू तिथे आलेला नाही. एसटीत खिडकीतून सीटवर रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं हे आहे. सीट रिकामीच, पण आता दुसरं कुणी तिथे बसत नाही. हायड्रोजन हा असा रुमाल आहे.

आता या रुमालाने गणित किती बदलतं ते करून पाहू, कारण नुसतं "ऊर्जा कमी होते" म्हणण्यात अर्थ नाही. समजा लोखंडात दर दहा लाख अणूंमागे एक हायड्रोजन विरघळलेला आहे. इतका विरळ हायड्रोजन एका जागी आणून बसवायचा तर एंट्रॉपीची किंमत मोजावी लागते, खोलीच्या तापमानाला दर अणूमागे सुमारे ०.३६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. म्हणजे पहिल्या दोघांपासून निव्वळ फायदा ०.२७ प्रत्येकी, पुढच्या चौघांपासून जेमतेम ०.०७ प्रत्येकी. सहाही बसले तर एकूण फायदा ०.८ च्या आसपास. व्हेकन्सीची किंमत २.१ वरून उतरून सुमारे १.३ झाली. संख्या वाढली किती? एकावर १४ शून्यं इतक्या पटींनी! वाचायला हे भयंकर वाटतं. पण मूळ आकडाच इतका नगण्य होता की एवढं गुणूनही एक मोल लोखंडात, म्हणजे ५६ ग्रॅममध्ये, समतोलाच्या व्हेकन्सी होतात काहीशे. काहीशे! त्याने कुठलाही बोल्ट तुटत नाही. हे गणित ढोबळ आहे, पण निष्कर्ष बदलण्याइतकं ढोबळ नाही. तुमच्या प्रयोगशाळेतल्या चार्जिंगने, म्हणजे विजेने हायड्रोजन भरण्याने, समतोलाचा तराजू झुकवून व्हेकन्सी निर्माण केल्या, हे स्पष्टीकरण इथेच बाद होतं.

मग "हायड्रोजन व्हेकन्सी तयार करतो" हे आलं कुठून? ते आलं तोक्योच्या चुओ विद्यापीठातून. युह फुकाई आणि त्यांचे सहकारी निकेल आणि पॅलेडियम यांना काही गिगापास्कल दाबाच्या हायड्रोजनमध्ये, ७०० ते ८०० अंश सेल्सिअसला धरून क्ष-किरणांनी पाहत होते. पाच गिगापास्कल म्हणजे वातावरणाच्या सुमारे ५०,००० पट. हायड्रोजन आत शिरला की जाळी फुगते, ते अपेक्षितच होतं. पण तापमान आणि दाब स्थिर ठेवून तासन्‌तास बघत बसल्यावर फुगलेली जाळी हळूहळू आकसायला लागली. हायड्रोजन बाहेर जात नव्हता, मग आकसतंय काय? नंतर नमुने थंड करून, हायड्रोजन काढून टाकून तपासले तरी पॅलेडियमची जाळी नेहमीपेक्षा लहानच राहिली आणि घनताही कमी भरली. दोन्ही मोजमापांचा मेळ एकाच गोष्टीने बसत होता: दर पाच-सहा अणूंमागे एक अणू गायब. १८-२० टक्के जागा रिकाम्या! ही निरीक्षणं १९९३ आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्या अवस्थेला सुपरअबंडंट व्हेकन्सी असं नाव पडलं. वितळणाऱ्या ॲल्युमिनियममधला हजारी जेमतेम एकचा आकडा आठवा, म्हणजे याचं मोल कळेल. सिमन्स-बॅलुफींनी तापवून जे मोजलं, तेच फुकाईंनी दुसऱ्या टोकाकडून मोजलं.

तिथे हे का शक्य झालं ते वरच्याच हिशेबात दिसतं. त्या दाबाला धातूच्या प्रत्येक अणूमागे जवळजवळ एक हायड्रोजन असतो. विरळपणाची किंमत संपली. निकेलमध्ये बंधनऊर्जा पहिल्या दोघांना ०.४३ आणि पुढच्या चौघांना ०.२८ धरा. सहा मिळून होतात सुमारे २, आणि निकेलमध्ये व्हेकन्सी घडवायला लागतात १.६ ते १.८. म्हणजे हायड्रोजनसकट व्हेकन्सी घडवणं हा तोट्याचा नाही, फायद्याचा व्यवहार झाला. तरीही तापमान लागतंच, कारण व्हेकन्सी मधल्यामध्ये उगवत नाही. ती पृष्ठभागावरून किंवा कणसीमेवरून आत यावी लागते, आणि तेवढी धाव घ्यायला धातूच्या अणूंना उष्णता हवी. म्हणून ते तासन्‌तास थांबणं.

या सगळ्याला एका चौकटीत बसवलं ते गटिंगनच्या राइनर किर्चहाइम यांनी, २००७ साली. साबण पाण्याच्या पृष्ठभागाची ऊर्जा कमी करतो, म्हणून साबणाच्या पाण्यात फेस सहज होतो आणि टिकतो. तसाच धातूतल्या दोषांची ऊर्जा कमी करणारा विरघळलेला अणू म्हणजे, त्यांच्या शब्दात, डिफॅक्टंट. व्हेकन्सी, डिसलोकेशन, कणसीमा, भेगेचा पृष्ठभाग, सगळ्यांना एकच नियम. मला ही मांडणी पटते, कारण ती हायड्रोजनपुरती मर्यादित नाही. पण साबण पाण्यात टाकला म्हणून फेस आपोआप होत नाही, कुणीतरी हात फिरवावा लागतो. तुमच्या पट्टीत तो हात कोणाचा, हा खरा मुद्दा.

तो हात ताणण्याचा. धातू कायमचा वाकतो तेव्हा डिसलोकेशन सरकतात, एकमेकांना छेदतात, त्यांच्यावर पायऱ्या पडतात, आणि अशी पायरी पडलेलं डिसलोकेशन ओढत पुढे गेलं की मागे व्हेकन्सींचा माग सोडतं. दहा टक्के ताणात दर लाख अणूंमागे एक या घरात व्हेकन्सी तयार होतात असा ढोबळ अंदाज धरतात. समतोलाच्या आकड्यापुढे हा आकडा अफाट आहे, आणि हायड्रोजनचा इथे अजून संबंधही आलेला नाही. एरवी या व्हेकन्सी फार टिकत नाहीत. लोखंडात मोकळी व्हेकन्सी खोलीच्या तापमानालाही सेकंदाला शंभराच्या घरात उड्या मारते, भटकत भटकत एखाद्या डिसलोकेशनला किंवा कणसीमेला जाऊन मिळते आणि संपते. पण जन्मताच तिच्या भिंतींना हायड्रोजन चिकटला तर? शेजारचा लोखंडाचा अणू सहज उडी मारून आत येऊ शकत नाही. व्हेकन्सी जड पावलांनी चालते, मिटण्याआधी दुसऱ्या तशाच व्हेकन्सीला भेटते. दोनाच्या चार होतात, चारांचं नॅनोमीटरचं भोक होतं. मोठ्या झुंडी आपोआप विरघळत नाहीत.

जपानमधल्या वासेदा विद्यापीठाचे मिचिहिको नागुमो यांनी हाच विचार नेटाने मांडला: हायड्रोजनमुळे ताणातून निर्माण होणाऱ्या व्हेकन्सींची संख्या आणि त्यांच्या झुंडी वाढतात, आणि ठिसूळपणा त्यातून येतो. यावर निर्णायक वाटावा असा प्रयोग ताकाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केला. नागुमोही त्यात होते. तुम्ही नकळत तोच प्रयोग अर्धा केलाय. त्यांनी लोखंड आणि इन्कोनेल ६२५ हा निकेलचा मिश्रधातू हे हायड्रोजनसह थोडे ताणले, भार काढला, मग काही नमुने ३० अंशांना ठेवून हायड्रोजन घालवला आणि काही २०० अंशांना तापवले. दोन्ही गटांत हायड्रोजन उरला नव्हता. तरी ३० अंशांवाले नमुने पुढे ताणल्यावर लवकर तुटले, आणि २०० अंशांवाले मात्र सावरले. २०० अंशांना डिसलोकेशन जवळजवळ जागच्या जागी राहतात, पण व्हेकन्सी आणि त्यांच्या लहान झुंडी मिटतात. नुकसान हायड्रोजनने केलं होतं, पण ते साठवलं गेलं होतं व्हेकन्सींमध्ये. तुमच्या पट्ट्यांचं उत्तर हेच आहे.

हा वाद संपलेला आहे असं मात्र मी म्हणणार नाही. हायड्रोजन अणूंमधले बंध सैल करतो हे एक मत, ट्रॉयानोंपासूनचं. हायड्रोजन डिसलोकेशनना मोकाट करतो आणि विकृती एका पट्ट्यात एकवटते हे दुसरं, बीचम यांनी १९७२ मध्ये मांडलेलं. माझ्या अनुभवात अतिकठीण स्टीलमध्ये, जिथे भेग कणसीमेवरून सरळ धावते, तिथे पहिल्या मताला वजन आहे. तुमच्यासारख्या मऊ लोखंडात व्हेकन्सी हाच मला सर्वांत सरळ धागा दिसतो. हायड्रोजनने तुटलेल्या फेरिटिक स्टीलच्या वरवर सपाट दिसणाऱ्या पृष्ठभागावर पाच ते वीस नॅनोमीटरच्या खळग्या सापडल्या आहेत, २०१२ मध्ये. सपाट तुटलेलं वाटलेलं ते खरं तर लाखो सूक्ष्म भोकांचं जोडलं जाणं होतं. एवढी बारीक भोकं कुठून आली, याला व्हेकन्सीखेरीज सोपं उत्तर मला तरी दिसत नाही.

आता कारखान्यातली एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका डब्यात बारा-पंधरा ॲलन बोल्टांची नुसती डोकी आली. १२.९ ग्रेड, म्हणजे फार उच्च ताकदीचे, झिंक प्लेटिंग केलेले. संध्याकाळी टॉर्क लावून जोडणी केली, सकाळी येऊन पाहिलं तर डोकी जमिनीवर. रात्री मशीन बंदच होतं. डोक्याखालच्या गोलाईतून सगळी तुटलेली, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तुटलेला पृष्ठभाग खडीसाखरेसारखा, कणाकणाच्या बाजू लखलखीत. बेकिंग, म्हणजे हायड्रोजन घालवायला ओव्हनमध्ये तापवणं, केलं होतं का, तर हो, कागदावर तशी नोंद होती. ओव्हनचा चार्ट मागवला तेव्हा कळलं की प्लेटिंग शनिवारी झालं आणि बेकिंग सोमवारी. नियम असा की प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत माल १९० ते २२० अंशांच्या ओव्हनमध्ये गेला पाहिजे, आणि स्टीलच्या ताकदीनुसार आठ तासांपासून दिवसभरापेक्षाही जास्त वेळ तिथे राहिला पाहिजे. लोक या चार तासांना कागदी सोपस्कार समजतात, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं. कठीण स्टीलमध्ये टेम्परिंगनंतरही आतले ताण असतात. शनिवार-रविवारात हायड्रोजन त्या ताणांच्या जागी गोळा होतो, व्हेकन्सींच्या झुंडी बांधतो, आणि एकदा का त्याची सूक्ष्म भेग झाली की २०० अंश काय, ४०० अंशांनीही ती बुजत नाही. बेकिंग दोन कामं करतं: हायड्रोजनला बाहेर काढतं किंवा खोल, निरुपद्रवी ट्रॅपमध्ये हलवतं, आणि हायड्रोजन सुटल्यावर मोकळ्या झालेल्या व्हेकन्सींना मिटायला वेळ देतं. झिंकचा थर हायड्रोजनला सहजी बाहेर जाऊ देत नाही, म्हणून वेळ इतका लांबलचक.

प्लेटिंगबद्दल आणखी एक. प्लेटिंगचा थर स्वतःसुद्धा व्हेकन्सींनी भरलेला असू शकतो. हार्ड क्रोमच्या टाकीत विजेचा ८० टक्क्यांहून जास्त भाग क्रोमियम बसवण्यात जातच नाही, हायड्रोजन निर्माण करण्यात जातो. धातूचे अणू आणि हायड्रोजन एकत्रच बसत जातात, तेव्हा व्हेकन्सींना पृष्ठभागावरून चालत येण्याची गरज उरत नाही. त्या जागच्या जागी रुमालासकट तयार होतात. विजेने बसवलेल्या धातूंच्या थरांतही अशा व्हेकन्सी असल्याचं फुकाईंच्या गटाने नंतर दाखवलं. म्हणजे पन्नास हजार वातावरणांचा दाब नसतानाही हा प्रकार होतो, फक्त वाट वेगळी.

हायड्रोजनचा हा खेळ किती जुना आहे ते पाहा. डब्ल्यू. एच. जॉन्सन यांनी १८७५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे सांगितलं होतं की ॲसिडमध्ये बुडवलेली लोखंडी तार काही मिनिटांत ठिसूळ होते, तोडून तुटलेलं टोक ओलं केलं तर त्यातून बुडबुडे येतात, आणि तार ठेवून दिली तर ती पुन्हा बरी होते. जॉन्सन यांच्या तारा बऱ्या झाल्या, तुमच्या पट्ट्या झाल्या नाहीत. फरक एवढाच की तुम्ही त्या हायड्रोजन आत असताना ताणल्या.

इतर लहान अणूंबद्दल थोडक्यात. कार्बनही व्हेकन्सीला चिकटतो, लोखंडात साधारण अर्धा इलेक्ट्रॉन व्होल्ट. पण खोलीच्या तापमानाला कार्बन जवळजवळ हलत नाही, व्हेकन्सीच चालत त्याच्याकडे येते आणि अडकते. किरणांच्या माऱ्याने व्हेकन्सी घडवलेल्या शुद्ध लोखंडात त्या उणे ५० अंशांच्या आसपास फिरायला लागतात, कार्बनशी जोडलेल्या मात्र सुमारे ८० अंशांपर्यंत सुटत नाहीत. एका व्हेकन्सीला कार्बन एक-दोनच पुरतात, सहा वगैरे नाही, त्यामुळे जागा धरून ठेवण्याचा परिणाम तोच, पण भोकं वाढवण्याचा नाही. नायट्रोजनचा स्वभाव कार्बनच्या जवळचा. ऑक्सिजन सगळ्यांत टोकाचा: लोखंडात त्याचं व्हेकन्सीशी बंधन इतकं घट्ट की ऑक्सिजनसोबत व्हेकन्सी जवळजवळ फुकट मिळते, असं २००७ मधल्या गणनेत दिसलं. अणुभट्ट्यांसाठी बनणाऱ्या, बारीक ऑक्साइड विखुरलेल्या स्टीलमध्ये ते कण इतके टिकाऊ का, याचं एक कारण हे. टंगस्टनमध्ये हायड्रोजनची व्हेकन्सीतली पकड लोखंडातल्याच्या जवळजवळ दुप्पट आहे, म्हणून फ्युजन भट्टीच्या टंगस्टनच्या भिंतीत ट्रिटियम (हायड्रोजनचं किरणोत्सारी रूप) अडकून राहण्याची चिंता शास्त्रज्ञांना असते.

आता तुमचा पुढचा प्रयोग. व्हेकन्सी खरंच आहेत हे दाखवायचं तर दोन वाटा आहेत. एक पॉझिट्रॉनची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या धनभारित प्रतिकणाची, जो इलेक्ट्रॉन भेटला की नष्ट होतो. पॉझिट्रॉन रिकाम्या जागेत अडकला की तिथे इलेक्ट्रॉन विरळ असल्याने तो जरा जास्त जगतो: स्वच्छ लोखंडात सुमारे ११० पिकोसेकंद, एकट्या व्हेकन्सीत १७५ च्या आसपास, झुंडीत त्याहून जास्त. पण व्हेकन्सीत हायड्रोजन बसलेला असेल तर हा आकडा खाली येतो, तेव्हा मोजमाप हायड्रोजन घालवल्यानंतरचंही घ्या. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्रात आणि कल्पक्कमला ही सोय आहे. दुसरी वाट हायड्रोजनलाच मोजपट्टी करायची. ताणून, हायड्रोजन घालवून झाल्यावर सगळ्या पट्ट्यांमध्ये सारखाच, अगदी सौम्य चार्जिंगने पुन्हा हायड्रोजन भरा आणि तापवत तापवत किती बाहेर येतो ते मोजा. जिथे ट्रॅप जास्त तिथे हायड्रोजन जास्त. नमुना चार्जिंगच्या भांड्यातून काढल्या काढल्या द्रव नायट्रोजनमध्ये टाका. धुऊन-पुसून टेबलावर ठेवलात तर चहा पिऊन येईपर्यंत निम्मी माहिती हवेत गेलेली असेल.

पट्ट्यांचे गट मात्र नीट पाडा. नुसत्या हायड्रोजन भरलेल्या पण न ताणलेल्या, हायड्रोजनशिवाय ताणलेल्या, आणि हायड्रोजनसह ताणलेल्या. प्रत्येक गटातल्या निम्म्या ३० अंशांना, निम्म्या २०० अंशांना. इथेच एक खाच आहे, आणि मी स्वतः तिच्यात एकदा अडकलोय. पट्ट्या साध्या माइल्ड स्टीलच्या असतील तर २०० अंशांना त्यातला कार्बन आणि नायट्रोजन हलतो, डिसलोकेशनना जखडतो, आणि धातू कडक आणि कमी लवचीक होतो. म्हणजे व्हेकन्सी मिटल्याने झालेला फायदा या जखडण्याने झाकला जातो, आणि तुम्ही उलटाच निष्कर्ष काढून मोकळे होता. हायड्रोजनशिवाय ताणलेल्या आणि २०० अंशांना तापवलेल्या पट्ट्या या जखडण्याचा वाटा वेगळा करून दाखवतील, म्हणून तो गट कितीही कंटाळवाणा वाटला तरी वगळू नका. शक्य असेल तर सुरुवातच टायटॅनियम घातलेल्या आय.एफ. स्टीलच्या पत्र्यापासून करा. त्यात मोकळा कार्बन-नायट्रोजन उरलेलाच नसतो, आणि गाड्यांच्या बॉडीसाठी तो सर्रास वापरला जात असल्याने प्रेस शॉपमध्ये हवे तेवढे तुकडे मागून मिळतात.